रूमचे लोक : प्रस्तावना

विजापूरच्या शर्झा बुरुजावर मुलुखमैदान तोफ पाहायला गेलो होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेलं श्वापद, आणि त्याच्या दाढांखाली चिरडला जाणारा हत्ती. येणारा प्रत्येक जण त्या हत्तीपाशी फोटो काढतो. मी अडलो तो तोफेवरच्या लेखापाशी. तोफ ओतली अहमदनगरला, निजामशाहीत, १५४९ साली. आणि ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी. बरोबरच्या मित्राने विचारलं, ‘रूमी म्हणजे तो कवी का रे?’ म्हटलं, कवी नव्हे, हा तोफा ओतणारा तुर्क. ‘मग तुर्काला रूमी कशाला म्हणायचं?’ त्या प्रश्नाचं उत्तर मला बुरुज उतरेपर्यंत देता आलं नाही. गोलघुमटापाशी चहा घेतानाही देता आलं नाही. हे पुस्तक म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे, आणि ते इतकं लांबेल याची कल्पना त्या मित्रालाही नसावी.

रूम म्हणजे रोम, एवढं सोपं. पण कुठलं रोम? इटलीतलं नव्हे. अरबांना आणि इराण्यांना जे रोमन माहीत होते, ज्यांच्याशी त्यांनी शतकानुशतकं लढाया, तह आणि व्यापार केला, ते कॉन्स्टँटिनोपलहून राज्य करणारे, ग्रीक बोलणारे, ख्रिस्ती रोमन. कुराणातल्या तिसाव्या सूरेचं नाव ‘अर-रूम’ आहे ते त्यांच्यावरून. पुढे अनातोलियाचं पठार सेल्जुक तुर्कांनी घेतलं आणि त्यांची सल्तनत रूमची सल्तनत झाली. तिथल्या कोन्यात राहिलेला जलालुद्दीन रूमी झाला. मग उस्मानी आले, त्यांचा मुलूखही रूमच राहिला आणि तिथून दख्खनला आलेले तोफची रूमी ठरले. आपल्या जुन्या कागदांत ‘रूमशाम’ हा शब्द येतो, तो याच वाटेने आलेला. म्हणजे फारसीच्या कृपेने मराठीकडे बरोबर शब्द होता. नंतर आपण इंग्रजी पाठ्यपुस्तकं वाचली, ‘बायझंटाइन’ म्हणायला शिकलो आणि हातातला शब्द सोडून दिला.

कारण बायझंटाइन म्हणवून घेणारं राज्य कधी नव्हतंच. बायझँटियन हे बॉस्पोरसच्या काठावरचं एक जुनं ग्रीक शहर. कॉन्स्टंटाइनने ११ मे ३३० रोजी तिथे आपल्या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं. पुढच्या अकराशे वर्षांत ‘बायझंटाइन’ म्हणजे फार तर त्या शहरचा माणूस, आपण ‘पुणेकर’ म्हणतो तसा. सगळ्या राज्याला आणि प्रजेला ते नाव चिकटवण्याची सुरुवात झाली ती राज्य बुडाल्यानंतर, सोळाव्या शतकात, हिएरोनिमस वोल्फ नावाच्या जर्मन विद्वानापासून. लोक स्वतःला रोमाइओई म्हणत, म्हणजे रोमन; देशाला रोमानिया म्हणत.

त्यांचं हे म्हणणं पश्चिम युरोपला त्या काळातही खुपत असे. ९६८ साली क्रेमोनाचा बिशप लिउटप्रांड जर्मन सम्राट ऑटोचा वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला आला. त्याचा वृत्तांत म्हणजे तक्रारींचं बाड आहे: जेवणात तेल फार, मद्याला राळेचा वास, उतरायला दिलेलं घर गळकं. सम्राट निकेफोरस फोकासने त्याला तोंडावर सुनावलं की तुम्ही कसले रोमन, तुम्ही तर लोंबार्ड. तेवढ्यात पोपचं पत्र आलं. त्यात ऑटोला ‘रोमनांचा सम्राट’ आणि निकेफोरसला ‘ग्रीकांचा सम्राट’ असं संबोधलेलं. पत्र आणणाऱ्यांची रवानगी तुरुंगात झाली. आपल्याला हा मानापमानाचा फार्स वाटतो. पण ज्या राज्याची सारी वैधता एका नावावर उभी आहे, त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारणं म्हणजे सातबारावरून नाव कमी करण्यासारखं होतं.

हे नाव लोकांच्या अंगी मुरलं कसं, हा या पुस्तकाचा पहिला प्रश्न. सुरुवात २१२ साली करावी लागते. सम्राट काराकाला हा काही थोर माणूस नव्हता. सख्ख्या भावाला आईच्या मिठीत मारवणारा. पण त्याने एका फर्मानाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिकत्व देऊन टाकलं. समकालीन इतिहासकार डिओच्या मते हेतू एकच, कर वाढवणं. असेल. मात्र इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवर त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. त्या वर्षानंतरच्या करारांत, पावत्यांत, अर्जांत ‘ऑरेलियस’ हे नाव पावसाळ्यातल्या गवतासारखं उगवतं. काराकालाचं ते कुलनाम. नवे नागरिक ते आपल्या नावाआधी लावत. गाढव विकणारा ऑरेलियस, घेणारा ऑरेलियस, साक्षीदारही ऑरेलियस. दोन-तीन पिढ्यांत हे नाव इतकं सर्रास झालं की त्याची मिजास उरली नाही, आणि नेमकं तेव्हाच रोमन असणं मुरलं असं मला वाटतं. ज्याचा कुणी मिरवून उल्लेख करत नाही तीच खरी ओळख.

मग रोम शहर हातचं गेलं तरी रोमन असण्याला बाधा आली नाही. ४७६ साली ओडोअॅकरने पश्चिमेचा पोरसवदा सम्राट खाली उतरवला आणि राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला पूर्वेचा सम्राट झेनो याच्याकडे पाठवून दिली. आपण शाळेत ते ‘रोमन साम्राज्याचा अंत’ म्हणून पाठ केलं. कॉन्स्टँटिनोपलच्या दप्तरात मात्र दुसऱ्या दिवशीही कामकाज चालूच होतं.

दप्तर हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. उत्तरकालीन रोमन राज्य समजून घ्यायचं तर रणांगणापेक्षा कचेरीत जाऊन बसावं. तिथला माझा सगळ्यात आवडता माणूस योआनेस लिडोस. लिडियातल्या फिलाडेल्फिया गावचा हा तरुण एकविसाव्या वर्षी, ५११ साली, नोकरीच्या शोधात राजधानीत आला. जागा रिकामी होईपर्यंत तत्त्वज्ञान शिकत बसला. तेवढ्यात झोटिकोस नावाचा त्याच्याच गावचा माणूस प्रिटोरियन प्रीफेक्ट झाला. म्हणजे पूर्वेकडच्या साऱ्या मुलकी कारभाराचा आणि वसुलीचा मुख्य. गाववाला वर गेला की काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लिडोस लघुलेखक म्हणून चिकटला. पहिल्याच वर्षी हजार सोन्याची नाणी मिळाली, आणि तीही सरळ मार्गाने, असं तो स्वतःच नोंदवतो. साहेबावर स्तुतिकाव्य केलं, तर ओळीमागे एक सुवर्णनाणं. साहेबाने लग्नही जमवून दिलं, शंभर पौंड सोनं हुंडा आणणाऱ्या मुलीशी.

चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्यावर लिडोसने रोमन अधिकारपदांवर पुस्तक लिहिलं. निवृत्त शिरस्तेदाराच्या ओसरीवर बसून ऐकावं तसं ते वाटतं: आमच्या वेळी कागद कसा होता, आता गवतावर लिहिल्यासारखं वाटतं, आमच्या वेळी लॅटिन येणाऱ्याला मान होता, आता सगळं ग्रीकमध्ये चालतं, आणि कप्पाडोशियाचा योआनेस प्रीफेक्ट झाल्यापासून खात्याचा सत्यानाश झाला. पण या कुरकुरीखाली एक विलक्षण गोष्ट आहे. आपल्या खात्याची वंशावळ लिडोस थेट रोम्युलसपर्यंत नेऊन भिडवतो. प्रीफेक्टचं पद म्हणजे रोम्युलसच्या घोडदळप्रमुखाचं पद, तेच बदलत बदलत इथवर आलं, असं त्याचं प्रतिपादन. इतिहास म्हणून ते कच्चं आहे. पण बघा, ज्याने कदाचित इटली कधी पाहिली नाही, जो ग्रीकमध्ये लिहितो, तो आशिया मायनरमधला कारकून टायबरच्या काठावरची एक दंतकथा आपल्या कचेरीचा पहिला उतारा म्हणून जोडतो. राजा, सम्राट आणि जुलमी यांत फरक काय हेही तो बजावून सांगतो. सम्राटाचं काम सार्वजनिक कारभार सांभाळणं, त्यावर मालकी सांगणं नव्हे. त्याच्या लेखी रोमनपण त्याच्या टेबलावरच्या कागदांत होतं.

त्या कागदांचा मुख्य विषय म्हणजे कर. शेतजमीन आणि माणसं मोजायची, पंधरा वर्षांच्या चक्राने वर्षं गणायची, वसूल करायचं, त्यातून फौजेचा पगार भागवायचा. वसूल आणि पगार दोन्ही फिरत ते सोन्यात. कॉन्स्टंटाइनने सुरू केलेलं सॉलिडस हे नाणं एका पौंडात बहात्तर, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅमचं. अकराव्या शतकापर्यंत त्याचा कस मुख्यतः टिकून राहिला. सातशे वर्षं एक नाणं खोटं पडत नाही, यापेक्षा कारभाराचं दुसरं प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

या नाण्याची एक गोष्ट आपल्या किनाऱ्याच्या वाटेवरची आहे. सहाव्या शतकात कोस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी पुढे संन्यासी झाला आणि पृथ्वी पेटीसारखी चौकोनी आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला. सिद्धांत हास्यास्पद, पण माणूस व्यापारी. बंदरांची माहिती पक्की. ‘कल्लियाना’ या बंदराचा तो उल्लेख करतो, तिथे इराणहून नेमलेला बिशप असतो असं सांगतो. हे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तोच कोस्मास सोपात्रोस नावाच्या रोमन व्यापाऱ्याची हकिकत देतो. सोपात्रोस श्रीलंकेत उतरला तेव्हा एक इराणी वकीलही तिथे आला होता. राजाने विचारलं, तुम्हा दोघांत कुणाचा राजा मोठा? इराण्याने बढाया मारल्या. सोपात्रोस म्हणाला, महाराज, दोन्ही राजे तुमच्यापुढे आहेत, पाहून घ्या. राजाला कळेना. मग सोपात्रोसच्या सांगण्यावरून त्याने दोघांची नाणी मागवली: इराण्याचं चांदीचं, रोमनाचं झळझळीत सोन्याचं. राजाने सोपात्रोसला हत्तीवर बसवून ढोल वाजवत शहरभर फिरवलं. गोष्ट बेतलेली असेल. अशीच एक गोष्ट प्लिनीने पाचशे वर्षं आधी सांगितली आहे. पण मायदेश सोडून आलेला एक सामान्य व्यापारी आपली ओळख खिशातल्या नाण्याने पटवतो, हे कोस्मासच्या वाचकांना स्वाभाविक वाटलं.

वसुलीची दुसरी बाजूही या पुस्तकात आहे. कारागिरांवर आणि दुकानदारांवर दर चार वर्षांनी बसणारा एक कर सम्राट अनास्तासियसने ४९८ साली उठवला, तेव्हा एडेसा शहरात लहानथोर पांढरे कपडे घालून, पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन रस्त्यावर आले. असा आनंद होतो तेव्हा आधीचा जाच केवढा असेल ते कळतंच. गंमत म्हणजे कर उठवूनही अनास्तासियस मेला तेव्हा खजिन्यात तीन लाख वीस हजार पौंड सोनं शिल्लक होतं, असं इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. आणि ९२७-२८च्या भयंकर हिवाळ्यानंतर, उपासमारीत गरिबांच्या जमिनी मातीमोलाने बळकावणाऱ्या ‘दिनातोई’ म्हणजे बलदंडांविरुद्ध सम्राट रोमानस लेकापेनोसने ९३४ साली कायदा केला: रास्त किमतीच्या निम्म्याहून कमी देऊन घेतलेली जमीन भरपाईशिवाय परत करायची. त्यामागे भूतदयेइतकाच हिशेब होता. लहान शेतकरी कर भरतो आणि फौजेत जातो. बलदंड दोन्ही चुकवतो.

आता गादीकडे येतो. रोमन सम्राट म्हणजे सोन्याच्या पडद्याआड बसलेला, देवाने नेमलेला, ज्याच्यापुढे सगळे लोटांगण घालतात असा हुकूमशहा, ही प्रतिमा आपल्याकडे पक्की आहे. लोटांगण खरं, सोनंही खरं. मात्र गादीच्या वारसाचा कायदा या राज्यात कधीच झाला नाही. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ५३३ साली पुरी झालेली ‘डायजेस्ट’ ही न्यायसंहिता सम्राटाची इच्छा कायद्यासारखी मानते. पण लगेच कारणही देते, ते असं की लोकांनीच आपले अधिकार त्याला सोपवले आहेत. कायद्याच्या पुस्तकातलं हे जुनं शोभेचं वाक्य म्हणून सोडून देता आलं असतं. कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांनी ते सोडलं नाही.

एप्रिल ४९१. झेनो वारलेला. विधवा सम्राज्ञी आरियाद्ने हिप्पोड्रोमच्या राजसज्जात उभी, खाली आपापल्या जागी घोडाशर्यतींचे निळे आणि हिरवे गट, आणि हजारो घसे एका सुरात: रोमन सम्राट द्या, सनातनी सम्राट द्या, पैशाचा लोभ नसलेला सम्राट द्या! शिवाय चोर शहरप्रमुखाला हाकला! तिचं उत्तर अधिकारी वाचून दाखवतो, गर्दी पुन्हा घोषणा देते, पुन्हा उत्तर. शहरप्रमुख बदलल्याचं ती तिथल्या तिथे सांगते. हे सगळं दरबारी समारंभांच्या ग्रंथात नोंदलेलं आहे, सभेच्या इतिवृत्तासारखं. मूळचा इसॉरियन असलेला झेनो शहराच्या नजरेत पुरता रोमन नव्हता, हे त्या ‘रोमन सम्राट द्या’मधलं टोक. निवड झालेला अनास्तासियस पुढे ५१२ साली प्रार्थनेतल्या एका वाक्यावरून दंगल उसळली तेव्हा त्याच हिप्पोड्रोममध्ये मुकुट न घालता आला आणि राज्य सोडायला तयार असल्याचं त्याने जाहीर केलं. ऐंशीच्या घरातला म्हातारा बोडक्या डोक्याने उभा. गर्दी विरघळली, मुकुट घाला म्हणाली. वीस वर्षांनी जस्टिनियनला अशी युक्ती साधली नाही. निका बंडात त्याच हिप्पोड्रोममध्ये सैनिक घुसले. प्रोकोपियस मृतांचा आकडा तीस हजारांहून अधिक देतो.

यांपेक्षा मला १०४२चा प्रसंग अधिक बोलका वाटतो, कारण त्याचा साक्षीदार आपल्याला कचेरीतूनच भेटतो. मायकेल पाचवा हा कलाफेटिस, म्हणजे गलबतांच्या फटी बुजवणाऱ्या कारागिराच्या घराण्यातला. मॅसेडोनियन राजवंशातल्या म्हाताऱ्या झोईने त्याला दत्तक घेतलं म्हणून गादीवर बसला, आणि चार महिन्यांत त्याने तिलाच बेटावर हद्दपार करून केस कापून जोगीण केलं. राजवाड्याच्या दारात मिखाएल प्सेलोस हा चिटणीस गुप्त कागदांची मसुदेगिरी करत होता. बाहेरून घोड्यांच्या टापांसारखा आवाज आला. बाहेर जाऊन पाहतो तो सारं शहर उठलेलं. ज्यांना घराबाहेर कुणी कधी पाहिलं नव्हतं अशा बायका छाती पिटत, ओरडत रस्त्यावर आलेल्या. लोकांनी झोईची बहीण थिओदोरा हिला मठातून काढून हागिया सोफियात सम्राज्ञी घोषित केलं. मायकेल आणि त्याचा मामा स्टुडिओस मठाच्या वेदीला धरून बसले. प्सेलोस तिथेही गेला. तो आधी संतापलेला होता, पण वेदीला बिलगलेले ते दोघे पाहून त्याला रडू आलं. त्यांना बाहेर ओढून डोळे काढले गेले. मामा धीराने सामोरा गेला, भाचा विनवण्या करत राहिला. प्सेलोस हे कुठलंही समर्थन न करता लिहितो.

या सगळ्यावरून काही अभ्यासक, विशेषतः अँथनी काल्डेलिस, म्हणतात की हे राज्य वेषांतर केलेलं जुनं रोमन प्रजासत्ताकच होतं. मला ते थोडं ताणलेलं वाटतं. राजधानीतली गर्दी म्हणजे सगळी प्रजा नव्हे. कप्पाडोशियातल्या मेंढपाळाला हिप्पोड्रोममध्ये घोषणा देता येत नव्हती. गुलाम होते. ज्यू आणि समरितनांचे हक्क जस्टिनियनच्या कायद्यांनी कापले. इजिप्त आणि सीरियातल्या ज्या ख्रिस्त्यांना ४५१च्या चॅल्सिडॉन परिषदेचा निर्णय मान्य नव्हता, त्यांच्याशी राज्य कधी गोंजारून, कधी काठीने वागलं. पण काल्डेलिसचा मूळ मुद्दा मी स्वीकारतो: सम्राट कुणीही असो, राज्य त्याचं खासगी वतन नाही, ही समजूत खरोखरची होती आणि लोक तिच्यासाठी रस्त्यावर येत.

सातव्या शतकाची पडझड मी या प्रस्तावनेत फार सांगत नाही. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ६३६ साली यार्मूकच्या लढाईत सीरिया गेला, पाठोपाठ इजिप्त गेलं आणि त्याबरोबर धान्य आणि महसुलाचा मोठा हिस्सा गेला. तरी उरलेल्या अनातोलियात मोजणी, वसूल आणि पगार चालू राहिले. ८०२ साली तर महसूल खात्याचा प्रमुखच, निकेफोरस, सम्राट झाला. इतिहासकार थिओफानेसने त्याच्या दहा करजाचांची यादीच देऊन ठेवली आहे. इतका राग काढावा लागतो म्हणजे खातं जिवंत होतं.

शेवटी दोन शब्द शब्दांबद्दल. ‘पोलितेइया’ या ग्रीक शब्दाने मला सगळ्यात जास्त छळलं. लिडोस, प्रोकोपियस, प्सेलोस सगळे तो वापरतात: सगळ्यांचं मिळून जे आहे ते. ‘प्रजासत्ताक’ म्हटलं की आपल्याला २६ जानेवारी आठवते. ‘साम्राज्य’ म्हटलं की सम्राट पुढे येतो आणि माणसं मागे जातात. बराच खल करून मी साधं ‘राज्य’ ठेवलं आहे. मुखपृष्ठावर ‘रोमन’ लिहिल्याने वाचक सीझर आणि ग्लॅडिएटर शोधेल, अशी भीती प्रकाशकांनी घातली होती. ती खरी ठरली तर दोष माझा.

आणि त्या मित्राचं उत्तर. १९१२ साली ग्रीक आरमाराने लेम्नोस बेट उस्मान्यांकडून घेतलं, तेव्हा गावोगाव तैनात झालेल्या सैनिकांना बघायला मुलं धावली. त्यांतलं एक मूल पुढे अमेरिकेत इतिहासाचा प्राध्यापक झालं, पीटर चारानिस, म्हणून हा किस्सा टिकला. सैनिकाने विचारलं, काय बघता? मुलं म्हणाली, ग्रीक बघतोय. तुम्ही नाही का ग्रीक? नाही, आम्ही रोमन. त्याच्या ४५९ वर्षं आधी कॉन्स्टँटिनोपल पडलं होतं, ते जिंकणारा मेहमेद स्वतःला कैसर-इ-रूम म्हणवत होता, आणि त्याच्याच मुलखातला एक रूमी पुढे अहमदनगरला येऊन तोफ ओतून गेला होता. तोफ अजून बुरुजावर आहे. फोटो काढणाऱ्यांनी हत्तीपासून थोडं वर पाहावं.